घराची ऊर्जापरीक्षा आणि तिचा परीक्षक

सोन्याचा कस पाहावयास कसोटीचा दगड असतो, दुधाची प्रत ठरविण्यास दुग्धमापक असतो, धान्य घेताना गृहिणी मूठभर दाणे हातावर पसरून पाहते. परंतु ज्या घरासाठी माणूस आयुष्याची पुंजी खर्च करतो, ते घर वैशाखात किती तापेल आणि त्यात राहण्यासाठी दरवर्षी किती वीज जाळावी लागेल, याची चौकशी न करताच तो व्यवहार पुरा करतो. जागेचे क्षेत्रफळ मोजले जाते, फरशीचा रंग पसंत केला जातो, नळाला पाणी येते की नाही हे पाहिले जाते. भिंतीतून व छपरातून आत येणाऱ्या उष्णतेचे माप मात्र कोणी मागत नाही. हे माप घेऊन घराची प्रत ठरविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून अनेक देशांत रूढ झाला आहे आणि आपल्याकडेही त्याची पायाभरणी झाली आहे. हा व्यवसाय कसा चालतो, त्यास कोणते ज्ञान लागते आणि त्यात प्रवेश करावयाचा तर कोणत्या वाटेने जावे, याचा विचार या पुस्तिकेत रायपूर शहर डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

रायपूरच का?

रायपूर समुद्रापासून दूर, सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, महानदीच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशात वसले आहे. मे महिन्यात येथील दुपारचे तापमान सरासरीनेच ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो, तापमान उतरते, पण हवा दमट होते. पौष-माघातल्या रात्री चांगल्या थंड असतात. म्हणजे एकाच घराला एकाच वर्षात तीन परीक्षा द्याव्या लागतात: कोरड्या उन्हाळ्याची, दमट पावसाळ्याची आणि थंडीची. इमारतींच्या दृष्टीने आपल्या देशाचे जे पाच हवामान-विभाग पाडले आहेत, त्यांत म्हणूनच रायपूरची गणना संमिश्र विभागात होते. नागपूरही त्याच विभागात आहे. मुंबई मात्र उष्ण व दमट विभागात मोडते, आणि छत्तीसगढमधीलच जगदलपूरही त्यात येते.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. वाळ्याच्या ताट्यांचा किंवा गवताच्या जाळ्यांचा कूलर मे महिन्यात उत्तम काम देतो, कारण कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन जलद होते व त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. तोच कूलर ऑगस्टमध्ये खोलीत केवळ ओल वाढवितो. मुंबईच्या अनुभवावर रायपूरचे घर बांधणे किंवा रायपूरच्या अनुभवावर जगदलपूरच्या रहिवाशाला सल्ला देणे चुकीचे ठरते. जे माप घ्यावयाचे ते त्या त्या स्थळाच्या हवामानाशी ताडून घेतले पाहिजे, हा परीक्षकाचा पहिला धडा होय.

दुसरेही एक कारण आहे. छत्तीसगढची वीज मुख्यतः कोळशावर निर्माण होते. कोरब्याची औष्णिक केंद्रे सर्वपरिचित आहेत. देशाच्या विद्युत्‌जालातून घेतलेल्या प्रत्येक युनिटामागे सरासरीने सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. घरात वाचलेले युनिट कुटुंबाचे पैसे वाचविते, त्याप्रमाणेच तितका कोळसाही खाणीत राहू देते.

उष्णता आत येते कोठून?

रायपुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा एक अनुभव सार्वत्रिक आहे. दुपार कशीबशी निघते, पण रात्री अकरा-बारा वाजताही छत हाताला गरम लागते आणि पंखा उष्ण हवाच खाली ढकलतो. याचे कारण काँक्रीटचा स्लॅब हे होय. तो दिवसभर सूर्याची उष्णता शोषून घेतो आणि काही तासांच्या विलंबाने, नेमकी झोपेच्या वेळी, खोलीत सोडतो. लहान मुले, वृद्ध माणसे आणि आजारी व्यक्ती यांच्या दृष्टीने हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. दिवसाच्या तापातून सावरण्यासाठी शरीराला थंड रात्र लागते, आणि ती मिळाली नाही तर उष्माघाताचा धोका वाढतो.

ही गोष्ट आकड्यांत मांडता येते. कोणत्याही थराचा उष्णतेला होणारा विरोध त्या थराची जाडी व द्रव्य यांवर अवलंबून असतो. सर्व थरांचे विरोध मिळवून त्या बेरजेने १ ला भागले, की ‘यू-मूल्य’ मिळते. आतबाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरातून किती वॅट उष्णता पार होते, ते हे मूल्य सांगते. अर्थात ते जितके कमी तितके छप्पर चांगले.

आता १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब व खालून १५ मिलिमीटरचा गिलावा असे उघडे छप्पर घेऊ. स्लॅबचा विरोध सुमारे ०.०९५, गिलाव्याचा ०.०२ आणि वरखालच्या पृष्ठभागांना चिकटून असलेल्या हवेच्या थरांचा ०.२१, अशी बेरीज ०.३२५ होते, म्हणून यू-मूल्य सुमारे ३.१ येते. त्यावर १०० मिलिमीटरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तर विरोधात ०.१२५ ची भर पडून यू-मूल्य २.२ वर उतरते. स्लॅब व कोबा यांच्यामध्ये केवळ २५ मिलिमीटर जाडीचा पॉलिस्टायरीनसारखा उष्णतारोधक थर बसविला, तर विरोध ०.७१ ने वाढतो आणि यू-मूल्य ०.८६ होते.

या आकड्यांचा घरातील अर्थ असा. छपराचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आणि उन्हाने तापलेला वरचा पृष्ठभाग व खोली यांत २० अंशांचा फरक धरला, तर उघड्या छपरातून ३,१०० वॅट उष्णता आत येते; रोधक थर असलेल्या छपरातून ८६० वॅट. एक टनाचे वातानुकूलन यंत्र खोलीतून सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढू शकते. म्हणजे उघड्या छपराच्या घरात असे एक यंत्र जवळजवळ छपराचीच चाकरी करीत राहते. छपरावर चुन्याचा पांढरा हात दिला किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी केली, तर ऊन परावर्तित होऊन वरचा पृष्ठभागच कमी तापतो; हा उपाय स्वस्त आहे व गरिबाच्या घरालाही लागू पडतो.

जुन्या घरांकडेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असल्यापासून रायपुरात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली आहेत. तात्यापारा, ब्राह्मणपारा या वस्त्यांची नावे मराठी वाचकांच्या ओळखीची आहेत. मातीच्या भिंती व कौले ही त्या काळच्या बांधकामाची या प्रदेशातील सर्वसाधारण रीत. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीचे यू-मूल्य सुमारे १.३ येते, तर नऊ इंची विटांच्या गिलावा केलेल्या भिंतीचे दोनाहून थोडे अधिक. पूर्वजांना वॅटचा हिशेब ठाऊक नव्हता, पण भिंतीची जाडी त्यांनी उगीच ठेवली नव्हती.

कायदा, संहिता आणि तारांकन

ऊर्जा संवर्धनाचा कायदा आपल्याकडे २००१ साली झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च २००२ मध्ये ‘ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’ ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. छत्तीसगढमध्ये तिच्या वतीने काम पाहणारी यंत्रणा म्हणजे रायपूर येथील ‘क्रेडा’, अर्थात राज्याची अपारंपरिक ऊर्जा विकास संस्था. आरंभी या कायद्याच्या कक्षेत मोठ्या व्यापारी इमारतीच येत असत. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही त्यात आणल्या, आणि ही दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात आली.

घरांसाठीची ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या भागाने घराच्या बाह्य कवचाविषयी काही मर्यादा घालून दिल्या. छपराचे यू-मूल्य १.२ हून अधिक नसावे. संमिश्र विभागात उघडता येणाऱ्या खिडक्यादारांचे क्षेत्र वापरातील फरशीच्या क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के असावे. म्हणजे ५० चौरस मीटरच्या घरास सव्वासहा चौरस मीटर. आणि छप्पर सोडून उरलेल्या कवचातून आत येणारी उष्णता, उन्हाळी काळाच्या सरासरीने, दर चौरस मीटरास १५ वॅटपेक्षा जास्त नसावी.

ही शेवटची मर्यादा पाळली गेली की नाही, हे ठरविण्याचे गणित तीन पदांचे आहे: भिंतीतून वहनाने येणारी उष्णता, काचेतून वहनाने येणारी उष्णता आणि काचेतून थेट आत शिरणारे ऊन. रायपूरच्या विभागासाठी या पदांचे गुणक अनुक्रमे ६.०६, १.८५ व ६८.९९ असे आहेत. तिसरा गुणक किती मोठा आहे हे वाचकांच्या लक्षात येईलच. उन्हाला उघडी असलेली काच किती महाग पडते, ते या एका आकड्यात सामावले आहे.

एक उदाहरण घेऊ. भिंतींच्या एकूण क्षेत्रापैकी १५ टक्के भाग काचेचा, काच साधी एकेरी, खिडकीवर छज्जा नाही आणि भिंत नऊ इंची विटांची. दिशेचा परिणाम तूर्त बाजूला ठेवला तर भिंतीचे पद १०.८, काचेच्या वहनाचे १.६ व उन्हाचे ८.८ असे मिळून २१.२ वॅट होतात. हे घर अनुत्तीर्ण. विटांऐवजी २०० मिलिमीटर जाडीचे सच्छिद्र हलक्या काँक्रीटचे ठोकळे वापरले तर भिंतीचे पद ३.९ वर येते आणि बेरीज १४.३ होते, घर काठावर उत्तीर्ण झाले. त्यावर योग्य छज्जे घालून आत येणारे ऊन सुमारे तीस टक्क्यांनी घटविले, तर बेरीज ११.७ वर उतरते. छज्जे केले पण भिंत विटांचीच ठेवली तर मात्र १८.६ होऊन घर पुन्हा अनुत्तीर्णच राहते. कोणता खर्च आधी करावा, हे अशा गणिताने कळते. अंदाजाने कळत नाही.

२०१९ मध्ये ब्यूरोने निवासी इमारतींसाठी तारांकनाचीही योजना सुरू केली. शीतकपाटावर किंवा पंख्यावर जसे एक ते पाच तारे असतात, तसे घराला दर चौरस मीटरामागे वर्षाला किती युनिटे लागतील यावरून तारे मिळतात. ७० चौरस मीटरच्या घराला २,८०० युनिटे लागत असतील तर हा निर्देशांक ४० येतो.

येथे दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. २०१८ ची मूळ संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी होती, आणि अशी संहिता राज्याच्या व शहराच्या बांधकाम नियमांत उतरल्यावरच बंधनकारक होते. गल्लीतल्या लहान भूखंडावरचे, एकेक मजला चढवीत नेलेले घर तिच्या कक्षेबाहेर राहते. अशा घराला नियमाचा आधार नसतो. म्हणूनच जाणत्या परीक्षकाच्या सल्ल्याची गरज त्याला अधिक असते.

परीक्षक घरी आल्यावर काय करतो?

त्याच्या पिशवीत मोजपट्टी, होकायंत्र, दुरून पृष्ठभागाचे तापमान सांगणारा अवरक्त तापमापक, हवेतील आर्द्रता मोजणारे उपकरण, प्रकाशमापक आणि तार न तोडता विद्युत्‌प्रवाह मोजणारा चिमटा-मीटर असतो. प्रथम तो घराची दिशा, मापे, भिंतींची जाडी व द्रव्य, खिडक्यांचे क्षेत्र व छज्जे यांची नोंद करतो. पश्चिमेच्या उघड्या खिडकीपुढे तो अधिक वेळ थांबतो, कारण दुपारचे तिरपे ऊन आडव्या छज्ज्याला जुमानत नाही. तेथे उभी झडप, पडदा किंवा झाडच उपयोगी पडते.

नंतर उपकरणांची पाळी येते. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर नव्या पद्धतीच्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास व वर्षाला २४० दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिटे वाचतात, आणि चार पंख्यांच्या घरात पाचशेहून अधिक. बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवली की हिवाळ्यातील खपावरून घराची बाराही महिने चालू असणारी गरज कळते, आणि उन्हाळ्यातील वाढीवरून केवळ थंडाव्यासाठी किती खर्च होतो ते दिसते.

स्नानगृहातील गॅसचा गीझर ही नोंद कधीही वगळू नये. पुरेशी हवा न मिळाल्यास गॅस अपुरा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही; बंद स्नानगृहात तो काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. ऊर्जा वाचविण्याच्या नादात वायुवीजनाच्या फटी बुजविण्याचा सल्ला जो परीक्षक गीझर कोठे आहे हे न पाहता देतो, तो त्या कुटुंबाचा जीव धोक्यात घालतो. अमेरिकेत घराच्या परीक्षकाला ज्वलनाच्या सुरक्षिततेचे शिक्षण घ्यावे लागते, ते याचसाठी.

आणखी एक विवेक त्याने राखला पाहिजे. घराची प्रत आणि घरातील माणसांच्या सवयी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काटकसरी कुटुंब वाईट घरात घाम गाळून थोडक्या बिलात राहू शकते, आणि उधळे कुटुंब उत्तम घरातही भरमसाट वीज जाळते. नुसत्या बिलावरून घराला प्रत देणे म्हणूनच योग्य नव्हे. प्रत द्यावयाची ती भिंती, छप्पर, खिडक्या व यंत्रे यांना. सवयींविषयी द्यावयाचा तो सल्ला.

परीक्षक होण्याची वाट

आपल्या देशात या क्षेत्राची मान्य पात्रता म्हणजे ब्यूरोची प्रमाणित ऊर्जा-व्यवस्थापक व ऊर्जा-लेखापरीक्षक यांची राष्ट्रीय परीक्षा. ती २००४ साली सुरू झाली. अभियांत्रिकीच्या पदवीधरास तीन वर्षांचा, पदविकाधारकास सहा वर्षांचा अनुभव, अशा अटी तिच्या नियमांत घालण्यात आल्या. काही विज्ञानशाखांच्या पदव्युत्तर पदवीधरांनाही तिचे दार उघडे ठेवले गेले. परीक्षेची रचना चार प्रश्नपत्रिकांची: ऊर्जा-व्यवस्थापनाची सामान्य तत्त्वे, औष्णिक साधने, विद्युत् साधने आणि यंत्रसामग्रीच्या कार्यक्षमतेचे मूल्यमापन. पहिल्या तीन व्यवस्थापकासाठी. चौथीही उत्तीर्ण होणारा तो लेखापरीक्षक. चौथी प्रश्नपत्रिका पुस्तके जवळ बाळगून सोडवावयाची असते, आणि तेच तिचे काठिण्य आहे. पाठांतर तेथे निरुपयोगी ठरते.

ही परीक्षा मुख्यतः कारखान्यांच्या गरजेतून निर्माण झाली, हे उमेदवाराने ध्यानात ठेवावे. भिलाईचा पोलाद कारखाना, सिलतरा व उरला येथील लोखंडाच्या भट्ट्या यांच्या परिसरात राहणाऱ्या तरुणाला बाष्पित्र, पंप व भट्टी यांचा अनुभव मिळविणे कठीण नाही. घराच्या परीक्षेसाठी त्याला इमारतीचे शास्त्र वेगळे शिकावे लागेल: सूर्याची ऋतुमानानुसार बदलणारी स्थिती, हवेचे अभिसरण, बांधकाम-द्रव्यांचे गुणधर्म आणि निवास संहितेची गणिते. भारतीय मानक संस्थेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली इमारतींच्या कार्यात्मक गरजांविषयीची हस्तपुस्तिका या अभ्यासाचा चांगला आरंभ होय. रायपुरात तांत्रिक शिक्षणाची परंपराही आहे. १९५६ साली खनिकर्म व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून पाया घातलेली संस्थाच आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.

पुस्तकी तयारीनंतर हाताला वळण लागण्यासाठी उमेदवाराने स्वतःच्या घरापासून आरंभ करावा. छपराचे तापमान सकाळी, दुपारी व मध्यरात्री मोजावे, गणिताने काढलेले उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे, आणि फरक पडला तर त्याचे कारण शोधावे. अशी दहा घरे झाली, की आकडा कोठे संशयास्पद आहे हे डोळ्यांनाच दिसू लागते.

परीक्षकाची परीक्षा

जेथे प्रमाणपत्राला किंमत येते, तेथे ते विकत घेण्याचा मोहही येतो. पाच तारे लागलेली सदनिका जास्त दराने जाते. मग बांधणाऱ्याने नेमलेला व त्याच्याकडूनच मोबदला घेणारा परीक्षक निष्पक्ष राहील कसा? हा प्रश्न काल्पनिक नाही, आणि इतर देशांनी त्याला दिलेली उत्तरे अभ्यासण्याजोगी आहेत.

अमेरिकेत १९९५ साली स्थापन झालेल्या ‘रेसनेट’ या संस्थेच्या पद्धतीत २००६ च्या आदर्श संहितेप्रमाणे बांधलेल्या घराला १०० हा अंक दिला जातो, आणि जितकी ऊर्जा लागते तितकी स्वतःच निर्माण करणाऱ्या घराला शून्य. तेथील उमेदवाराला लेखी परीक्षेनंतर जाणत्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घरांची परीक्षा करून दाखवावी लागते. पुढेही त्याच्या कामावर नजर असते: त्याच्या दर दहा घरांपैकी एकाची कागदपत्रे दुसरा तज्ज्ञ तपासतो, आणि शंभरांतील एका घराची मोजणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हा केली जाते. घरात आपला काही आर्थिक हितसंबंध असेल तर तो त्याला उघड करावा लागतो. ब्रिटनमध्ये २००७ पासून घर विकताना त्याचे ऊर्जा-प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि ते दहा वर्षे ग्राह्य असते.

या पद्धती जशाच्या तशा उचलून चालणार नाही. थंड देशांत पंख्याने घरात हवेचा दाब पाडून फटी शोधणे हे मुख्य काम असते. रायपूरचे घर वर्षातील कितीतरी महिने खिडक्या उघड्या ठेवूनच राहावयाचे असते. पण परीक्षकाचीही परीक्षा झाली पाहिजे, हे तत्त्व हवामानावर अवलंबून नाही. परीक्षकाने प्रत्येक आकडा कोठून आला ते अहवालात लिहावे, जे मोजले ते मोजले म्हणून व जे गृहीत धरले ते गृहीत म्हणून नोंदवावे, आणि रोधक द्रव्य, पंखे वा सौरपट विकणाऱ्याकडून दलाली घेऊ नये.

अहवालाची भाषाही घरमालकाला समजेल अशी असावी. छपरावर पांढरा हात द्या, पश्चिमेच्या खिडकीला झडप लावा, पंखे बदला. एवढे झाल्यावरच वातानुकूलन यंत्र किती मोठे हवे ते ठरवा, आणि सौरपटाचा विचार सर्वांत शेवटी करा. या क्रमाने गेलेल्या घराला लहान यंत्र व लहान सौरपट पुरतो. उलट क्रमाने गेलेले घर दोन्हींवर अधिक खर्च करूनही रात्री तापतच राहते. रायपूरसारख्या शहरात दरवर्षी नवी छपरे पडत आहेत, आणि एकदा पडलेले छप्पर पन्नास वर्षे तसेच राहते. त्यावर कोबा पडण्यापूर्वी पंचवीस मिलिमीटरचा एक थर बसवा, असे अधिकाराने व निःस्वार्थपणे सांगणारी माणसे या शहराला हवी आहेत. त्यासाठी लागणारे गणित शालेय अंकगणिताहून फारसे अवघड नाही. उमेदवाराने त्याच्या जोडीला चिकाटी व सचोटी मात्र आणली पाहिजे.